सहकुटुंब, सहपरिवार

सिन्नरकडच्या झुंबरला अंबडच्या एका कारखान्यात टर्नरची नोकरी लागली, तेव्हा सिडकोत त्याला कुणी खोली देईना. "फॅमिली आहे का?" हा प्रत्येक घरमालकाचा पहिला प्रश्न. शेवटी एकाला त्याने सांगितलं, "आहे की. मावसभाऊ."

हा मावसभाऊ म्हणजे एसटीतला कंडक्टर गोरक्ष. सिन्नरच्या गाडीत तिकिटं फाडताफाडता दोघांचं जुळलं होतं. नातं कुठल्या मावशीकडून, हे दोघांनी पाठ करून ठेवलं. घरमालकाने विचारलंच नाही. दोन पुरुष एकत्र राहतील याची त्याला धास्ती नव्हती, ते घरी बायका आणतील याची होती. त्या बाबतीत झुंबरने त्याला अगदी मनापासून शब्द दिला.

गावी थोरला भाऊ फकिरा मात्र दरवर्षी मुली दाखवत राहिला. झुंबर कधी रात्रपाळीचं, कधी पोटाचं कारण काढी. एका दिवाळीत त्याने खरं काय ते सांगून टाकलं. फकिराने आधी ओट्यावर कुणी आहे का ते पाहिलं, मग आवाज दबका करून म्हणाला, "आपल्या खानदानात असलं नाय. पुन्हा या घरात पाऊल ठेवू नको." खानदानात एकाने दोन बायका टाकल्या होत्या, एक चुलता सुनेला मारून तुरुंगात जाऊन आला होता. दोघंही आत फराळाला बसले होते.

पुढे आई फुलाबाई न्हाणीत पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण चालणं संपलं. तेव्हा फकिराला धाकटा भाऊ आठवला. जीपमधून आणून म्हातारीला झुंबरच्या पलंगावर ठेवत तो म्हणाला, "थोडे दिवस. आमच्याकडं लय गर्दी हाय." त्या घरचा चहा मात्र त्याने घेतला नाही. तत्त्वाचा माणूस.

थोड्या दिवसांची वर्षं झाली. झुंबर कारखान्यात असे, गोरक्ष पहाटेची गाडी करून दुपारी घरी येई. म्हातारीला उचलणं, न्हाऊ घालणं, वेणी घालणं त्याच्याकडेच. फुलाबाई सुरुवातीला त्याला "ओ कंडक्टर" म्हणे; पुढे "गोरख, केस ओढतो का रं!" असं ओरडू लागली. एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, "आजी, हे तुमचे कोण?"

मावशीची गोष्ट सांगायला झुंबर पुढे झाला, तोच म्हातारी म्हणाली, "माझा हाय."

शेजारीण पुढचं ऐकायला थांबली. फुलाबाईने कवळी काढून वाटीत ठेवली.

मग फकिराच्या मुलीचं लग्न ठरलं. आजी मांडवात दिसली नाही तर सोयरे कुजबुजतील, म्हणून फकिरा पत्रिका घेऊन आला. "आईला घेऊन ये," तो झुंबरला म्हणाला. "तू एकटाच."

"काय छापलंय ते वाच," फुलाबाई म्हणाली.

झुंबरने वाचलं, "सहकुटुंब, सहपरिवार."

"मंग तसंच येऊ."

मांडवात गोरक्षने तिला उचलून आणून खुर्चीत बसवलं. फकिरा सोयऱ्यांना सांगत सुटला, "एसटीतले साहेब हायेत." फोटोवाला ओरडला, "आता फक्त घरचे!" तसा फकिराने गोरक्षचा दंड धरला. "साहेब, तुम्ही जेवून घ्या."

"मला बी ने पंगतीला," फुलाबाई म्हणाली.

व्याही बघत होते. फकिरा सगळे दात दाखवून हसला. गोरक्ष खुर्चीमागे, म्हातारीच्या खांद्यावर घड्याळाचा हात ठेवून उभा राहिला.

फकिराने फोटोवाल्याकडून त्याला कॉम्प्युटरवर पुसून घेतलं. सगळा गोरक्ष गेला, हात तेवढा राहिला. तो काढायचा तर आईचा खांदा जात होता. फोटो घरी आला तेव्हा झुंबर तो फाडायला निघाला. गोरक्षने तो खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिला.

"घड्याळ बरं आलंय," तो म्हणाला, आणि म्हातारीने हाक मारली म्हणून उठला.