रबराचे आबा

हातमोज्यांचं नवं पाकीट फोडलं की रबराचा वास येतो आणि मला शिरूरच्या नर्सिंग कॉलेजातले आबा आठवतात. आबा म्हणजे आमच्या सरावाचा रबरी पुतळा. प्रॅक्टिकलच्या दिवशी मी निमोण्याहून एसटीत उभ्यानं आले होते, आठवडाभराच्या वॉर्ड ड्यूटीनं अंग आंबून गेलं होतं. पुतळ्याच्या हातावर आधीच्या पोरींच्या सुयांची भोकं दिसत होती. मी सलाईनची सुई पहिल्याच खेपेला शिरेत घातली. तेवढ्यात काचेमागून मॅडम माइकवर म्हाताऱ्याचा आवाज काढून म्हणाल्या, “अगं पोरी, टोचायच्या आधी सांगशील का न्हाई?” मी वैतागून म्हणाले, “तुम्हाला कुठं कळतंय, आबा?” मॅडमनी सरळ नापास केलं. पुढच्या आठवड्यात परत गेले, पुतळ्याच्या कानाशी वाकून “आबा, टोचते हां” म्हणाले आणि सुटले. परवा दौंडला माझी सलग दुसरी ड्यूटी संपत आली होती. खाटेवरच्या एका म्हाताऱ्या पेशंटच्या हातातली सलाईनची सुई तेवढी काढायची राहिली होती. “आबा, काढते हां,” मी म्हणाले आणि हळूच काढली. त्यांना जाऊन अर्धा तास झाला होता.