नऊ जणांचं रॉकेल

पोस्ट उत्तर सीमेवर होती. उंची पंधरा हजार फुटांच्या वर. माणसं नऊ, बंकर तीन, प्रत्येक बंकरमध्ये एक बुखारी. बुखारी म्हणजे रॉकेलवर जळणारी पत्र्याची उभी शेगडी; तिचा धूर पाइपातून छपराबाहेर जातो. नोव्हेंबरमध्ये आम्ही वर चढलो तेव्हा मी नाईक होतो. पोस्ट कमांडर एक सुभेदारसाहेब होते, साताऱ्याकडचे. माझ्या शेजारच्या बाजेवर लान्स नाईक भानुदास, दौंडचा.

मी शिरूर तालुक्यातला, कवठे येमाईचा. पलटणीत माणसाला गावाच्या नावानं हाक मारतात, म्हणून तो ‘दौंड’ आणि मी ‘शिरूर’. दोन तालुक्यांच्या मध्ये भीमा. तिचं पाणी कोण जास्त उपसतं यावर आमचं रोज भांडण व्हायचं. बाहेर पाण्याचा दगड झालेला, आणि आम्ही आत बसून नदी वाटून घेतोय.

हे आत्ता लिहायला कारण आहे. सिलेंडर महागला, वेळेवर येत नाही. मुलाच्या सणसवाडीच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झालाय. गावातले लोक पारावर विचारतात, “मेजर, तुम्ही बर्फात कसं भागवलं वो?” मी हवालदार म्हणून पेन्शनला आलो, पण मिलिटरीत जाऊन आलेला प्रत्येक जण गावात मेजर असतो. मेजर म्हटलं की मलाही चढतं. यंदा डिसेंबरात मी घरात स्टँडिंग ऑर्डर काढली. गीझर बंद, आंघोळीचं पाणी बंबावर, बंबात उसाचं पाचट. आंघोळ सहा मिनिटं, त्यासाठी शिट्टी. रात्री फ्रिज बंद. तिसऱ्या दिवशी दोन लिटर दूध नासलं. मंडळी, म्हणजे आमच्या मंगलबाई, पातेलं घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“हे घर हाय, पलटण न्हाई. ती शिट्टी आना हिकडं.”

मी शिट्टी दिली. तेव्हापासून बचतीचं खातं त्यांच्याकडं आहे आणि ठीक चाललंय. माझं या विषयातलं रेकॉर्ड आधीपासूनच खराब आहे. ते किती खराब, हे मंगललाही पुरतं माहीत नव्हतं.

वर पोस्टवर दिवस ठरलेला असायचा. ०५३० ला स्टँड टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारासह आपापल्या मोर्चात. मग चहा, बर्फ उपसणं, बर्फ वितळवून पाणी करणं, रेडिओ चेक, सेंट्री ड्युटी म्हणजे पहारा. आठवड्यातून एकदा खालून लिंक पार्टी यायची, पाठीवर रॉकेलचे जेरीकॅन घेऊन. डिसेंबरच्या शेवटी बर्फ पडायला लागलं ते थांबेना. एका सकाळी ०८०० ला रेडिओ बोलला; डेल्टा टू हे रेडिओवरचं आमच्या पोस्टचं नाव.

“डेल्टा टू, रस्ता बंद है. लिंक पार्टी नहीं आएगी. के-ऑइल कितना है? ओव्हर.”

“ग्यारह जेरीकॅन. ओव्हर.”

“पंद्रह दिन चलाना है. ओव्हर.”

“विल्को. आउट.”

के-ऑइल म्हणजे रॉकेल, विल्को म्हणजे हुकूम पाळतो. आम्ही दिवसाला दोन जेरीकॅन जाळत होतो. सहाव्या दिवशी संपलं असतं. सुभेदारसाहेबांनी विचारलं, “कोण बघणार हे?”

मी हात वर केला. आमची आई एका गोवरीत चार माणसांचा स्वयंपाक कसा उरकायची, ही गोष्ट मी त्या सगळ्यांना दहा वेळा ऐकवली होती. आता माघार घेता येईना.

सुरुवात चांगली केली. नऊ जणांना एका बंकरमध्ये आणलं, दोन बुखाऱ्या बंद. डाळ आदल्या संध्याकाळी भिजत घालायची. कुकरला दोन शिट्ट्या झाल्या की स्टोव्ह बंद, आणि कुकर स्लीपिंग बॅगेत गुंडाळून ठेवायचा; आतल्या उष्णतेवर डाळ तासाभरात शिजते. हे मी आजही सांगतो, करून बघा. फक्त आधी कुकरची रिंग तपासा. मी तपासली नव्हती. अर्धी डाळ बॅगेत सांडली. बॅग दौंडची होती.

“शिरूर, तुझी बॅग कुठं गेलती?”

“तिला वास लागला असता ना.”

“आन् माझी काय दौंड स्टेशनची कँटीन हाय व्हय?”

पुढचे चार दिवस तो डाळीच्या वासात झोपला. मी दाढी बंद केली, चहा चारावरून दोनावर आणला. त्या संध्याकाळी कुणी माझ्याशी बोललं नाही. दौंडनं मला ‘के-ऑइलचा कमांडर’ असं पद दिलं आणि रोज सकाळी कडक सलाम ठोकायला लागला. पण खर्च दिवसाला अर्ध्या जेरीकॅनवर आला होता. साहेब एकदा “ठीक” म्हणाले. ते सहसा एवढंही म्हणत नसत. मी फुगलो.

सहाव्या दिवशी वारा सुटला. बंकरच्या भिंतीत छपराखाली एक पत्र्याचा पाइप बसवलेला होता, मूठभर रुंदीचा. त्याला आम्ही व्हेंटिलेटर म्हणायचो. बाहेरची हवा आत यावी म्हणून तो होता आणि उघडा ठेवायचा असा हुकूम होता. वाऱ्यानं त्यातून गार झोत आत येत होता. मी बुखारीजवळ बसून ते बघत होतो. जाळलेलं रॉकेल त्या भोकातून सरळ बाहेर जातंय असं मला दिसायला लागलं. १८३० ला मी बटाट्याचं रिकामं पोतं घेतलं आणि त्या पाइपात कोंबलं.

साहेबांना विचारलं नाही. उद्या आकडा घटला की मग सांगू, असा बेत होता. दौंडनं मात्र बघितलं.

“पोतं कशाला कोंबलं?”

“ऊब जाती सगळी.”

“साहेबांना इचारलंस?”

“सकाळी सांगतो.”

“काढ ते, शिरूर.”

“के-ऑइलचा कमांडर कोण?”

तो हसला. “तूच बाबा,” म्हणाला आणि पांघरूण ओढून झोपला. चारची ड्युटी त्याची होती.

०४०० ला दौंड आणि आणखी एक जवान बाहेर पडले. दौंड बंकरजवळच्या मोर्चात, दुसरा दोनशे मीटर खाली. आम्ही सात जण आत. मला ०५१५ ला उठून चहा टाकायचा होता. जाग आली तेव्हा डोकं ठणकत होतं. उंचीवर ते रोजचंच. पाय उचलेनात. पण अंगाला घाम होता. त्या पोस्टवर पहिल्यांदा मला घाम आला होता. मला वाटलं, जमलं.

बाहेर काय झालं ते खालच्या सेंट्रीनं आणि साहेबांनी नंतर जुळवून सांगितलं. वाऱ्यानं आणलेलं बर्फ बुखारीच्या पाइपाच्या तोंडावर बसलं होतं. धूर बाहेर जाईना, आणि मी बाहेरची हवा आत येऊ देत नव्हतो. ०५२० झाले, चहाची हालचाल नाही, धूर दिसत नाही, हे दौंडच्या लक्षात आलं. त्यानं शिट्टी वाजवली आणि दार उघडलं.

मला आठवतं ते असं. कॉलर आवळली गेली. उंबऱ्याची लाकडी पट्टी पाठीला घासली. मग तोंडावर बर्फ. दौंड माझ्यावर वाकला होता आणि त्याच्या छातीतून भाता चालल्यासारखा आवाज येत होता.

“श्वास घे, शिरूर. शिव्या मागनं देतो.”

तो परत आत गेला. माझ्या आधी त्यानं चौघांना ओढून आणलं होतं. दार उघडल्यावर सुभेदारसाहेब रांगत स्वतः बाहेर आले. आत राहिला होता स्वयंपाकी, बुखारीला चिकटून झोपलेला. त्याला आणायला दौंड गेला तो बाहेर आला नाही. मी उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यावर आलो, ओकलो, पुन्हा पडलो. एवढंच मी केलं.

०५४० ला खालचा सेंट्री धापा टाकत पोचला. तोंडाला फडकं बांधून आत शिरला आणि दोघांना बाहेर आणलं. स्वयंपाकी खोकत होता. दौंड खोकत नव्हता. साहेबांनी आणि सेंट्रीनं पाळीपाळीनं त्याची छाती दाबली, ०६२५ पर्यंत. मग साहेबांनी रेडिओ घेतला.

“डेल्टा टू. एक कॅज्युअल्टी. ओव्हर.”

“सीरियस? ओव्हर.”

“फेटल. ओव्हर.”

“रॉजर. आउट.”

डॉक्टर नंतर म्हणाले, त्या उंचीवर पाच माणसं ओढायची म्हणजे छातीच फुटायची वेळ, त्यावर आतला गॅस. हेलिकॉप्टर तिसऱ्या दिवशी आलं. पंधराव्या दिवशी रस्ता उघडला तेव्हा दोन जेरीकॅन शिल्लक होते. ते कुणी मला विचारलं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी पोत्याचं सांगितलं. साहेबांनी शेजारी उभं राहून सांगितलं, “पोस्ट माझी, जबाबदारी माझी.” दोघांचं लिहून घेतलं. मला रेप्रिमंड, म्हणजे लेखी ठपका मिळाला, रेकॉर्डवर लाल शाईत. म्हणजे सरकारला मी खरं सांगितलं. त्याच्या आईला सांगितलं नाही.

दौंडमध्ये ‘बर्फात शहीद’ असा फलक लागला. वडील रेल्वेत गँगमन होते, ते आधीच गेले होते. घरात आई एकटी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली भानुदासचा युनिफॉर्ममधला. पहिल्या वर्षी मी सांगायचं ठरवून गेलो आणि चहा पिऊन आलो. दुसऱ्या वर्षी पोहे खाऊन आलो. अशी बावीस वर्षं झाली. दर जानेवारीत शिरूरहून न्हावरे, पारगावचा पूल, चौफुला, दौंड. पुलावर एसटी आली की वाक्य तयार असायचं. घरात शिरलो की मी दुसरंच काहीतरी बोलायचो, जास्त करून ऊस.

यंदाही गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. दार आतून लोटलेलं. आत पाऊल टाकलं आणि डोक्यात एक ओळखीची कळ आली. आई बाजेवर गोधडीत, बाजेखाली कोळशाची शेगडी धुमसत होती. बाळंतिणीला आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना असाच शेक देतात आपल्याकडं, पण दार उघडं ठेवून. इथं खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. शेगडी उघड्या हातांनी उचलून अंगणात नेली, एवढं बोटांवरून कळतंय. मग चिंध्या उपसल्या.

“काय येड लागलंय का रं तुला?” आई उठून बसल्या. “हीटरचं बिल लई येतं म्हून बंद केला. कोळशावर भागवते. टाकलीस ना ऊब सगळी घालवून!”

“आई, हवा पायजे.”

“बावीस वर्सं येतोस, कवा खिडकीला हात लावला न्हाईस.”

मी जमिनीवर बसलो. बोटं पोळली होती. आणि सांगितलं. पोतं, पाइप, “काढ ते” म्हणालेला तो, आणि मी काय उत्तर दिलं ते. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर उसावर गेलो असतो.

आईंनी फोटोकडं बघितलं नाही. दाराकडं बघत होत्या.

“म्हंजी बर्फात न्हाई गेला त्यो?”

“न्हाई. आत. बुखारीपाशी.”

“आत ऊब व्हती?”

“व्हय आई. लई व्हती.”

त्यांनी गोधडी गुडघ्यांवर ओढून घेतली.

“मला रोज वाटायचं, गार पडून गेला आसंल,” त्या म्हणाल्या. “ऊब व्हती तर बरं.”

मग त्यांनी मला बोटांना लावायला तूप दिलं. माफ केलं म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. निघताना खिडकी चार बोटं उघडी राहील अशी लाकडी पाचर फटीत ठोकून आलो. ती काढायची नाही, हे मी त्यांना हुकूम म्हणून नाही, विनंती म्हणून सांगितलं.

बचत करा. कुकर गुंडाळा, डाळ भिजवा, बंबात पाचट घाला. पण जिथं विस्तव आहे तिथं हवा येईल एवढी फट ठेवा, कितीही गार लागली तरी.

लान्स नाईक भानुदास, दौंड. वय सव्वीस. लग्न ठरायचं होतं. शिट्टी चांगली वाजवायचा, हिशेबात कच्चा, कबड्डीत कुणाला ऐकायचा नाही. पाच माणसं त्यानं बाहेर काढली, सहाव्यासाठी परत आत गेला. ती सहाही जगली. त्यांतले दोघं आता आजोबा आहेत. एकानं नातवाचं नाव भानुदास ठेवलंय. तो मी नाही. मला नातू झाला तेव्हा माझी हिंमत झाली नाही.