दुरून आलेली शीळ

ही गोष्ट मी तीस वर्षं टाळली. नातवंडांनी आखाती युद्धाचं विचारलं की मी क्षेपणास्त्रांचं सांगायचो, शिळेचं नाही.

"जवळ वाजतंय ना? मग तो लांब आहे." हवाई हल्ल्याचा भोंगा सुरू झाला की माझा तिथला दोस्त एवढंच म्हणायचा आणि चहात आणखी एक चमचा साखर घालायचा.

तो व्हेनेझुएलाचा. सौदीत, रास तनुराच्या तेल कारखान्यात एका ठेकेदाराकडे तो पाइपांचे वेल्ड तपासायचा, मी गोदाम सांभाळायचो. त्याच्या गावाकडच्या माळावर म्हणे एक शीळवाला हिंडतो. बापाचा खून करून त्याचीच हाडं पोत्यात घेऊन फिरतो. त्याची सात सुरांची शीळ जवळून ऐकू आली तर तो दूर. दुरून ऐकू आली तर दाराशी. घाबरतो फक्त कुत्र्याला आणि तिखटाला.

छावणीत कुत्रा पाळता येत नव्हता. म्हणून माझी रत्नागिरीहून आणलेली मिरचीपुडीची बरणी त्याने मागून नेली आणि खिडकीत ठेवली. मी हसलो नाही. आमच्याकडेही दृष्ट मिरच्यांनीच काढतात. बदल्यात मी त्याला आमचा देवचार सांगितला. वाट चुकलेल्याला घरी पोचवतो आणि झिजलेल्या वहाणांऐवजी नव्या मागतो.

"फक्त चपलांवर काम करतो?" तो म्हणाला. "तुमचं भूतसुद्धा आखातात नोकरीला दिसतंय."

पहिल्या भोंग्याला मी गॅस मास्क चढवून टेबलाखाली शिरलो. श्वास कोंडला. गॅस आलाच, असं समजून मी बायकोसाठी शेवटचा निरोप सांगू लागलो. त्याने वाकून माझ्या फिल्टरवरचं झाकण काढलं. "हं, आता सावकाश मर." सगळा निवारा हसला. पुढे आठवडाभर माझं नाव 'झाकण'.

तुम्ही असता तर ही थट्टा विसरला असता; मी नाही विसरलो. एका दुपारी तो गोदामाच्या दारात डबा खात होता. मी मागे गेलो आणि एका लांब पाइपात तोंड घालून, त्यानेच शिकवलेली शीळ हळूच घातली.

परत आलो, तर डबा तसाच.

"ऐकलीस?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "फार लांबून आली."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याची फजिती करायची, असा माझा बेत होता. त्याने त्याच संध्याकाळी राजीनामा दिला.

ठेकेदाराने मला बोलावलं. "तुझा दोस्त ना तो? युद्धाला घाबरून पळतोय? तसं असेल तर पुन्हा घेणार नाही."

खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. "हो साहेब," मी म्हणालो, "घाबरला."

बसपाशी त्याने बरणी माझ्या हातात दिली. "शीळ तूही ऐकलीस. आता ही तुला लागेल." मग माझा दंड धरून म्हणाला, "नाहीतर तूच चल, अमिगो. माझ्या आईच्या घरात जागा आहे."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ड्रायव्हर ओरडला, "यल्ला!" आणि माझ्या तोंडून निघालं, "जा, बस सुटेल."

नंतर जेवणाच्या टेबलावर सगळे त्याला पळपुटा म्हणायचे. मी वरण वाढून घ्यायचो.

बरणी अजून आहे. मिरची पांढरी पडली, पण तळाला चिकटवलेला त्याच्या आईचा पत्ता वाचता येतो. किती पत्रं सुरू केली. सगळी पहिल्याच ओळीवर अडली:

"तो शीळवाला मीच होतो, दोस्ता. मला माफ कर."