न प्यायलेल्या दारूची शपथ

वासुदेव गभणे गावी आला की लोक त्याला आपली कंबर दाखवायचे. नावापुढे डॉक्टर लागलेलं ना! मग त्याला समजावून सांगावं लागे की बाबांनो, मी माणसांचा डॉक्टर नाही, बेडकांचा आहे. लोक पोट धरून हसत. नागपूरच्या कॉलेजात बसून हा माणूस दिवसभर बेडकाचा पाय तपासतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो, हे त्यांना काही केल्या पटत नसे.

त्या पगारापर्यंत त्याला पोचवलं थोरल्या भावानं, यादोरावनं. गाव भंडाऱ्याकडचं, तुमसरच्या अलीकडचं, तलावाखालच्या धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, जगणारं. बाप लवकर गेला. एकाहत्तरात वासुदेवला कॉलेजात जायचं होतं, तेव्हा यादोरावनं बांध्या बायकोच्या, रुखमाच्या, हाती दिल्या आणि मॅंगनीज दळायच्या चक्कीवर काम धरलं. बॅटरीच्या सेलांसाठी तिथं दगडाची भुकटी करत. चक्की एका शेठची, खिडक्या बंद, कारण भुकटी वाऱ्यानं उडाली तर शेठचं नुकसान. मजुरांच्या नाकातोंडात गेली तर कुणाचंच नाही. संध्याकाळी यादोराव घरी यायचा तो नुसता काळा, तेवढे दात पांढरे. उपकाराचा शब्द त्यानं कधी तोंडातून काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, वासुदेवला कधीतरी आठवण तरी राहिली असती.

वासुदेवचं काम ऐकायला सोपं आहे. नसेतून हुकूम स्नायूकडे येतो, पण दोघांच्या मध्ये बारीक फट असते. नसेच्या टोकाला कॅल्शियमची दारं असतात. ती उघडून कॅल्शियम आत शिरलं की नस आपलं रसायन फटीत सोडते आणि बेडकाचा पाय उडतो. दारं बंद केली तर नस कितीही बोंबलो, पलीकडे पत्ताच लागत नाही. आणि दारं बंद करायला वासुदेव काय वापरायचा? मॅंगनीज! चार थेंब टाकले की पाय गप्प. स्वच्छ खारं पाणी सोडून धुतलं की पुन्हा उडायला लागे. याच्यावरचा त्याचा निबंध अठ्ठ्याहत्तरात विलायतेत छापून आला. व्याख्यानात तो मोठ्या ऐटीत सांगायचा, हे द्रव्य आमच्या भंडाऱ्याच्या मातीतलं आहे बरं का. लोक टाळ्या वाजवत. विद्यार्थ्यांना मात्र त्याची सक्त ताकीद असे, बाटलीला हात लावला तर साबणानं धुवा.

ऐंशीच्या सुमारास यादोरावची चाल बिघडली. कोपर वाकवून, चवड्यांवर, कोंबडा चालावा तसा चालायला लागला. आवाज बसला. तोंडावरची रेषा हलेना, आणि मधेच, काही कारण नसताना, खदखदून हसू फुटायचं. गावाला यात कोडं कसलं? मोहाची दारू! रुखमा सांगून थकली की हा माणूस पीत नाही. तिनं दिराला हात जोडले.

"भाऊजी, एक डाव त्याच्या तोंडाचा वास तं घ्या."

वासुदेवनं वास घेतला नाही. ज्या माणसानं मोजल्याशिवाय बेडकाच्या पायावरही विश्वास ठेवला नाही, त्यानं सख्ख्या भावाच्या बाबतीत चावडीवरची गोष्ट खरी मानली. कारण त्याला लाज वाटत होती, दुसरं काय! नागपूरच्या डॉक्टरचा भाऊ दारुडा म्हणून लोक हसत होते.

त्या गावची एक रीत होती. दारू सोडणाऱ्यानं तलावाच्या पाळीवरच्या मारुतीसमोर, चार जाणत्यांच्या देखत, हातात पाणी घेऊन शपथ घ्यायची. शपथ मोडली तर त्याला पंगतीत पान नाही आणि कुठल्या मंगल कार्यात त्याचा हात लागायचा नाही. वासुदेवनंच भावाला तिथं नेलं. यादोराव पाणी हातात घेऊन उभा राहिला, ते हलून हलून सांडत होतं. आपण दारू कधी घेतली हे त्याला आठवेना. तसं तो हळूच म्हणाला, आणि मग म्हणाला, तू शिकलेला आहेस, तुला माहीत असेल. घेतली शपथ.

आता न प्यालेल्या माणसाची चाल शपथेनं कशी सुधारणार? महिन्याभरात ती आणखी बिघडली. शपथ घेतली म्हणजे पीत होता हे कबूल झालं, आणि चाल तशीच म्हणजे शपथ मोडली हेही सिद्ध झालं. कुणी त्याच्या अंगावर ओरडलं नाही. फक्त पंगतीत त्याच्यापुढे पान पडेना.

पुढल्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं, बेबीचं, लग्न निघालं. जाणत्यांनी ठरवलं, कन्यादानाला बाप बसणार नाही. वासुदेव आणि त्याची बायको पाटावर बसली. यादोराव मांडवाच्या खांबाला टेकून पाहत होता. मुलीला वाटेला लावताना सगळ्या बायका रडत होत्या आणि याला हसू फुटलं. थांबेचना! वरातीतले लोक वळून पाहू लागले, बेबीनं मान खाली घातली. वासुदेवनं भावाला दंडाला धरून ओढत गुरांच्या कोठ्यात नेलं आणि बाहेरून कडी घातली. बेबी त्यानंतर माहेरी आली की आईला भेटून जायची. बापासमोर बसत नसे.

चौऱ्याऐंशीत वासुदेवचं मेडिकल कॉलेजात व्याख्यान होतं. भंडाऱ्याच्या मातीचं वाक्य झालं, टाळ्या झाल्या. मागून एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, की तुमच्याकडे मॅंगनीज दळणारे मजूर असतील, त्यांच्यात कोंबड्यासारखं चालणारे, उगाच हसणारे कुणी दिसले का? ते विष मेंदूत जातं. अशा माणसाला मागं चालायला सांगा, ताबडतोब पडतो. वासुदेवनं पुढची चित्रं दाखवलीच नाहीत. त्याच दुपारी तो गाडीत बसला.

गावी पोचल्यावर त्यानं भावाला अंगणात उभं केलं आणि मागं पाऊल टाकायला सांगितलं. यादोरावनं मुकाट्यानं एक पाऊल मागं टाकलं आणि लाकडासारखा आडवा झाला. रुखमा धावली. दोघांनी मिळून त्याला बाजेवर बसवलं. मग वासुदेवनं सगळं सांगितलं, चक्की, भुकटी, मेंदू. रडत सांगितलं. औषध काय, असं रुखमानं विचारलं. औषध नव्हतं. बेडकाचं धुऊन निघतं, माणसाचं निघत नाही.

"वैनी, दादा पीत नव्हता," तो म्हणाला.

"ते मले पयल्या दिवसापासून मालूम आहे," रुखमा म्हणाली. "म्या तुमाले सांगतलं होतं."

वासुदेव म्हणाला, मी जाणत्यांना गोळा करतो, मारुतीपुढे सगळ्यांना सांगतो, शेठवर खटला भरतो, बेबीच्या सासरी जातो. तो बोलतच राहिला. यादोरावचा चेहरा तसाच होता, लाकडी. त्याला शब्द जमवायला वेळ लागे, आणि घरात एवढ्या वर्षांत कुणी तेवढा वेळ थांबत नसे. आज वासुदेव थांबला.

"म्या पेत नव्हतो," यादोराव म्हणाला.

"नाही दादा. कधीच नाही."

"मंग माह्या पोरीचं कन्यादान तू काहून केलं?"