शालूताईची कबुतरं

फोन चड्ढाबाईंचा होता. गाझियाबादला ताईच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. "भाईसाहब, दीदी नहीं रहीं. आप बस आ जाइए," एवढंच म्हणाल्या. मी ऑफिसला निघालो होतो, तो तसाच रिक्षा करून सरोजिनी नगरहून थेट तिकडे गेलो. शालूताई, माझी थोरली बहीण, पलंगावर तीन उशांना टेकून बसल्यासारखी होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नसे, म्हणून गेली ती बसूनच. बाल्कनीचं दार सताड उघडं, आणि कठड्यावर कबुतरं गळे फुगवून घुमत होती. मी आधी ते दार लावलं, मग तिच्याजवळ बसलो.

त्यानंतर मंडळात शोकसभा झाली. ताई महिन्यातून एकदा आमच्या भजनी मंडळात निरूपण करायची. एकेक पक्षी घ्यायचा आणि त्याच्यावरून श्रद्धेचा एकेक धडा सांगायचा, अशी तिची पद्धत होती आणि ती बायकांना फार आवडायची. सभेत सगळ्यांनी तेच सांगितलं. पक्ष्यांकडून विश्वास शिकलेली, शांतपणे अनंतात विलीन झालेली वगैरे. शांतपणे... माझी बहीण दोन वर्षं कोंडलेल्या श्वासाने तडफडत होती आणि ह्या बायका माना डोलावत होत्या. मला संताप आला, आणि हा लेख त्या संतापातून लिहितो आहे. ज्यांना गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी पान उलटावं.

तिचं हे पक्षीप्रेम मी सुरुवातीपासून पाहिलेलं. लग्न होऊन दिल्लीत आली तेव्हा भाऊजींना सरोजिनी नगरातच क्वार्टर होतं. एका उन्हाळ्यात छताच्या पंख्याच्या वाटीत चिमणीने घरटं केलं. ताईने पंख्याच्या बटनावर चिकटपट्टी लावून टाकली. दिल्लीचा मे महिना, आणि भाऊजी घामाने निथळत पुठ्ठ्याने वारा घेताहेत! मी म्हणालो, "ताई, घरटं उचलून खिडकीत ठेव की." तर म्हणाली, "बाळू, तिने आपल्या भरवशावर अंडी घातलीत. ज्याच्यावर कुणी भरवसा टाकतं, त्याने थोडं उकडून घ्यावं." तेव्हा आम्ही हसलो होतो. मुलगा अभिजीत तेव्हा लहान होता, तो टाळ्या पिटत होता. सुखाचे दिवस होते, हे कबूल करायला हवं.

पुढे सगळंच बदललं. बाजार खुला झाला, घराघरांत रंगीत टीव्हीवर नव्या वाहिन्या आल्या, आणि शिकलेली पोरं कॉम्प्युटरच्या मागे लागून अमेरिकेला निघाली. अभिजीतही गेला. "दोनच वर्षं, आई. मग इथेच येतो, आता इथेही सगळं येणार आहे," असं विमानतळावर सांगून गेला. त्याच सुमारास भाऊजी निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि हिंडन नदीच्या अलीकडे शेतं बुजवून उठलेल्या एका सोसायटीत त्यांनी फ्लॅट घेतला. एक खोली अभिजीतची म्हणून रंगवून ठेवली. वर्षभरात भाऊजी हार्ट अटॅकने गेले. अभिजीत क्रियाकर्माला आला आणि परत गेला. उरली ताई, रंगवलेली खोली आणि सातव्या मजल्यावरची बाल्कनी.

तिथे चिमण्या नव्हत्या. झाडच नव्हतं तर चिमण्या कुठून येणार? कबुतरं मात्र ढिगाने. त्यांनी कूलरच्या मागे चार काड्या टाकून अंडी घातली आणि ताईला नवा धडा सापडला. "कबुतराला कुठेही नेऊन सोड," ती मंडळात सांगायची, "ते आपलं घर विसरत नाही. श्रद्धा म्हणजे हेच. दार उघडं ठेवायचं आणि वाट पाहायची." बायकांना त्यात भक्त आणि देव दिसत. मला दिसे अभिजीत. एकदा कोकिळेचा धडा झाला, की तिचं पिल्लू परक्या घरट्यात वाढलं तरी शेवटी आपल्याच गळ्याने गातं. मी मागून विचारलं, "आणि त्याची आई काय करते मग?" ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

खोकला आधी साधा वाटला. मग जिना, मग स्वयंपाक, मग नुसतं बोलणंही जड होऊ लागलं. मी तिला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "घर में कबूतर हैं?" ताई म्हणाली, "नहीं." माझी बहीण आयुष्यात खोटं बोलली असेल तर ते एवढंच. मी म्हणालो, "आहेत, पुष्कळ आहेत." डॉक्टरांनी समजावून सांगितलं. विष्ठेची, पिसांची धूळ श्वासातून जाते, काहींची फुप्फुसं त्याने आखडत जातात, आणि एकदा आखडलेली परत मोकळी होत नाहीत. कबुतरं हटवा, नाहीतर घर सोडा.

तिला मी माझ्याकडे घेऊन आलो. खरंच बरं वाटू लागलं तिला. भाजी निवडू लागली, मला टोमणे मारू लागली. आणि एका सकाळी पिशवी भरून दारात उभी. "अभिजीतकडे तिकडचाच नंबर आहे," म्हणाली. मी म्हटलं, त्याला इथला देऊ. "नको. त्याला वाटेल मी घर सोडलं."

मग मी जाळीवाल्याला घेऊन गेलो. आज सगळ्या बाल्कन्यांना असते तशी नायलॉनची जाळी, तासाभराचं काम. ताई बाल्कनीच्या दारात आडवी उभी राहिली. एकेक शब्द तोडत बोलली. "पिल्लं चारा शोधायला गेलीत, बाळू. परत येतील आणि... घर बंद दिसेल." मी संतापलो. जाळीवाल्यासमोरच म्हणालो, "ताई, तो येणार नाहीये. त्याने तिथे घर घेतलंय, मुलं तिथल्या शाळेत आहेत. आणि फोनवर दर वेळी तुला सांगतो, पुढच्या हिवाळ्यात." ती हसली. दम लागलेला असताना हसली. "तुला पक्ष्यांतलं काय कळतं?" जाळीवाला गुंडाळी काखेत मारून निघून गेला.

अभिजीतलाही मी फोन केला. "मामा, तूच समजाव ना तिला, मी इथून काय करू?" म्हणाला. पण त्याच आठवड्यात तिला मात्र विचारलं, "आई, तुझी कबुतरं कशी आहेत?" दिवसभर ती खुशीत होती.

ती गेल्यावर तो आला. दुसऱ्याच दिवशी बाल्कनीला जाळी लागली, कारण फ्लॅट भाड्याने द्यायचा होता आणि एजंटने तसं सांगितलं होतं.

दहाव्याला आम्ही हिंडनच्या काठी गेलो. पहाडगंजहून आपले मराठी गुरुजी आणले होते, कारण कावळ्याची रीत इकडच्या पंडितांना तितकीशी ठाऊक नसते. पिंड मांडले आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. समोरच्या भिंतीवर कावळा होता, चांगला धष्टपुष्ट. पिंडाकडे मान वाकडी करून पाहत होता आणि जागचा हलत नव्हता. बराच वेळ गेला. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल त्यांची. जवळच्या माणसाने बोलून वचन द्यावं." सगळे अभिजीतकडे पाहू लागले. मी त्याच्या कानाशी म्हणालो, "म्हण, परत येतो म्हणून. एवढं एकदा म्हण."

त्याचे डोळे भरून आले होते, तेही सांगतो. "मामा, खोटं नाही बोलू शकत यार मी," तो म्हणाला. "तिच्यासमोर तरी."

इतकी वर्षं तो फोनवर काय बोलत होता, हे मी त्याला विचारलं नाही. मी पुढे झालो, हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "ताई, अभिजीत येतोय. कायमचा येतोय. तू जा आता."

कावळा तसाच बसून राहिला. शेवटी गुरुजींनी दर्भ घेतला, पीळ देऊन त्याचा कावळा केला, पिंडाला लावला आणि म्हणाले, "झालं." जिवंत होती तेव्हा मी तिला खरं सांगितलं, ते तिने ऐकलं नाही. मेल्यावर खोटं सांगितलं, तेही ऐकलं नाही.