नाना कोणाचे?

नाना स्की पायात घालून उभे राहायचे, पण स्की कधीच करायचे नाहीत. जर्मनीच्या दक्षिणेला, आल्गॉयच्या डोंगरांतल्या एका लहानशा गावात नवशिक्यांसाठी एकच उतार होता. त्याच्या तळाशी सपाटीवर नाना सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत दोन्ही काठ्या रोवून उभे असत. आम्ही वरून ओरडत, हेलपाटत खाली यायचो आणि थांबता येत नसल्यामुळे नानांवर जाऊन आदळायचो. नाना जागचे हलत नसत. आदळलेल्याला उभं करायचे, पाठीवरचा बर्फ झटकायचे आणि म्हणायचे, “जमतंय. आता डोळे उघडे ठेवून ये.”

तर हे नाना कोणाचे, हे आम्हाला तीन वर्षं माहीत नव्हतं. तीन वर्षं आम्ही एका घरात राहिलो, एका कुकरमधला भात खाल्ला, एका खोलीत घोरलो, आणि तरी माहीत नव्हतं. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी वाढवून सांगतोय. मला स्वतःलाही अधूनमधून तसंच वाटतं.

मुळात आम्ही बर्फातली माणसं नव्हे. बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालायची वस्तू, एवढीच माझी समजूत. पण न्युरेम्बर्गच्या ऑफिसात थंडीतल्या प्रत्येक सोमवारी कोणीतरी विचारतं, शनिवार-रविवार स्कीइंगला गेला होतात का. आणि सईच्या वर्गातली सगळी पोरं चालायच्या आधी घसरायला शिकलेली. शेवटी आम्ही तीन कुटुंबं एकत्र जमलो. न्युरेम्बर्गचे आम्ही, म्हणजे मी, अनघा आणि आमची सई. हेर्त्सोगेनआउराखचे जोशी, बायको आणि मुलासह. आणि र्युसेल्सहाइमहून परस्पर गाडीने गावात पोचणारे शिंदे पती-पत्नी. ओळख व्हॉट्सअ‍ॅपवरची. फाशिंगच्या, म्हणजे फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या सुट्टीतला तो आठवडा सोडला तर वर्षभर आम्ही एकमेकांचं तोंड पाहत नसू.

पहिल्या वर्षी न्युरेम्बर्ग स्टेशनवर जोशींच्या बॅगेशेजारी मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ उभे होते. मी समजलो, जोशींकडचे. सईच्या सांगलीच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, मफलर अगदी तसाच. तिने यांनाही बेधडक ‘नाना’ म्हणून हाक मारली आणि त्यांनी ‘ओ’ दिली. जोशी समजले, आमचे. गाडी लागली तेव्हा जोशीच घाईघाईने म्हणाले, चला नाना, चढा लवकर. पाच मोठ्या माणसांना मिळून चालणाऱ्या तिकिटावर आम्ही मोठे चारच होतो, तेव्हा पाचवी जागा त्यांचीच असणार, हे कोणालाही पटण्यासारखं होतं. गावात पोचल्यावर शिंद्यांनी आमच्याबरोबर उतरलेल्या नानांना वाकून नमस्कार केला. संपला विषय.

नानांजवळ सामान नव्हतं, हेही आमच्या लक्षात आलं होतं. पण प्रत्येकाला वाटलं, बाकीचे त्यांची बॅग विसरून आले. वडील माणसाची बॅग विसरलात, असं कोणी कोणाला तोंडावर कसं म्हणणार? त्या वर्षी नाना जोशींचा स्वेटर, शिंद्यांची टोपी आणि माझे मोजे घालून वावरले.

आता तुम्ही म्हणाल, आपसात विचारलं का नाही? वडीलधाऱ्या माणसाबद्दल त्याच्यादेखत ‘हे कोण’ असं विचारायची आपल्याकडे रीत नाही, आणि नाना सदैव समोरच असायचे. ते सगळ्यांच्या आधी उठत. सगळ्यांचे ओले हातमोजे हीटरवर पसरत आणि वाळल्यावर हमखास चुकीच्या जोड्या लावून ठेवत. दोन डाव्या हातांचे मोजे घालून मी उतारावर गेलो आहे. तक्रार केली की म्हणायचे, “हात गरम आहेत ना? मग झालं.” कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्यांचं. मुलांना बूट घालून देणं त्यांचं. “नाना, तेवढं जरा बघा,” हे वाक्य त्या घरात सारखं ऐकू यायचं आणि नाना बघायचे. घरची ख्यालीखुशाली विचारली की ‘मजेत’ म्हणायचे. कोणाच्या घरची, ते मात्र विचारायचं राहून जाई.

पुढल्या वर्षी त्याच शनिवारी, त्याच गाडीला, नाना फलाटावर हजर. या वेळी स्वतःची बॅग घेऊन. त्याच्या पुढच्या वर्षीही.

त्या तिसऱ्या वर्षी सईच्या स्की-वर्गाची मजल लहान मुलांच्या उतारावरून मोठ्या डोंगरावरच्या निळ्या उतारापर्यंत गेली. निळा म्हणजे सोपा, असं तिथले लोक म्हणतात. नाना तिचं कौतुक बघायला तारेवरच्या केबिनमध्ये बसून वर गेले. सई शिक्षकाबरोबर घसरत खाली आली आणि तेवढ्यात धुकं उतरलं, वारा सुटला, केबिन बंद पडली. नाना वरच राहिले. बराच वेळ वाट पाहून आम्ही तिघे पुरुष आणि सई लिफ्टच्या ऑफिसात गेलो.

तिथल्या बाईंनी विचारलं, नाव काय? मी म्हणालो, नाना. पूर्ण नाव? मी जोशींकडे पाहिलं, जोशींनी शिंद्यांकडे, शिंद्यांनी माझ्याकडे.

“अरे, सांग ना,” जोशी म्हणाले. “तुझे सासरे ना ते?”

“माझे सासरे सांगलीला असतात. मला वाटलं, वहिनींचे काका.”

“आल्झो, एक मिनिट,” शिंदे जर्मन सवयीने म्हणाले. “म्हणजे तुमच्या दोघांपैकी कोणाचेच नाहीत?”

वय माहीत नाही, औषधं माहीत नाहीत, फोन नंबर एकाकडेही नाही. बाईंचा चेहरा बदलत चालला. ज्या माणसाच्या अंगावर मी माझं पोर निर्धास्त टाकत होतो, त्याचं नावही मला सांगता येत नव्हतं, आणि तो माणूस वर थंडीत होता. मला रडू येतंय की हसू, तेच समजेना. तेव्हा घरात मराठी ऐकून जर्मनमध्ये उत्तरं देणारी आमची सई पुढे झाली आणि त्या बाईंना जर्मनमध्ये ठणकावून म्हणाली की ते माझे आजोबा आहेत, त्यांना खाली आणा. बाईंना तेवढं पुरलं. त्यांनी वर फोन लावला. नाना वरच्या स्टेशनात लिफ्टवाल्याबरोबर कॉफी पीत बसले होते. बर्फ सपाट करणाऱ्या गाडीत बसून ते सुखरूप खाली आले.

जेवायला बसलो. शेवटी जोशीवहिनींनीच विचारलं, नाना, तुम्ही नक्की कोणाचे? नानांनी चमचा खाली ठेवला.

“कोणाचाच नाही,” ते म्हणाले. “फलाटावर मराठी कानावर पडलं म्हणून बॅगेपाशी उभा राहिलो. चढलो, पण वाटेत आउग्सबुर्गला उतरून परत फिरणार होतो. तेवढ्यात अनघाने हातात पोळीचा रोल दिला. म्हटलं, खाऊन उतरू. मग सई मांडीवर झोपली. आता उतरणार कसा, सांगा.”

बायको गेलेली, मूलबाळ नाही, न्युरेम्बर्गच्या एका कारखान्यातून निवृत्त. आपलं पूर्ण नावही त्यांनी सांगितलं. ते चांगलं भारदस्त नाव आहे, पण आम्हाला अजून ते नानांचं वाटत नाही.

कोणी रागावलं नाही. जोशीवहिनींच्या तर डोळ्यांत पाणी आलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नाना हातमोजे गोळा करायला लागले, तर शिंदेवहिनींनी ते त्यांच्या हातातून काढून घेतले. तुम्ही बसा हो, आम्ही करतो. कुकरपाशी गेले, तर अनघाने खुर्ची पुढे केली. जोशी त्यांना ‘साहेब’ म्हणायला लागले. मीसुद्धा त्यांना चहा बशीत बिस्किटं ठेवून दिला. एकट्या माणसाला आता जपायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटत होतं. नाना सोफ्यावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं, आणि त्यांच्यासमोर कसं वागावं ते आम्हाला.

यंदा आम्ही ठरवलं, त्यांना रीतसर आमंत्रण द्यायचं. आता नंबर होता. मी फोन केला आणि म्हणालो, नाना, आम्हा सगळ्यांची इच्छा आहे, तुम्ही आमच्याबरोबर यावं. मग त्यांनी सईची चौकशी केली, जोशींच्या मुलाची केली, आणि या वर्षी जमणार नाही म्हणाले. रागावलात का, असं मी विचारलं.

“छे रे. राग कसला? इतकी वर्षं मला कोणी बोलावत नव्हतं, म्हणून येता येत होतं.”

आम्ही जाऊन आलो. सगळ्यांचे ओले हातमोजे सईने हीटरवर पसरले. नाना माझ्या घरापासून ऊ-बानने, म्हणजे मेट्रोने, चार स्टेशनं दूर राहतात. मला त्यांची आठवण येते आणि मी फोन हातात घेऊन नुसता बसतो, कारण काय बोलायचं तेच कळत नाही. बोलावलं तर ते येणार नाहीत, आणि न बोलावता त्यांनी यावं, असं आम्ही काही शिल्लक ठेवलेलं नाही.