जनान्यातल्या आत्या

"डोळे पुसा गं आधी, मंग पुढचं सांगते."

असं म्हणून आत्या पदर कमरेला खोचायच्या. सिनेमा काही त्यांच्यासाठी थांबत नसे, तो पुढे पळतच असायचा. पण आम्ही बायका मुकाट्याने डोळे पुसायचो.

त्या कोणाच्याही सख्ख्या आत्या नव्हत्या. निजामाच्या राज्यात, सिनेमे मुके होते तेव्हा, जुन्या जालन्यापाशी नदीकाठी सिनेमाचा तंबू लागायचा. बायकांची जागा कनातीआड, म्हणजे जनान्यात. तिथे दाराशी आत्या तिकिटं फाडायच्या आणि मग आत येऊन सिनेमा सांगायला बसायच्या. पडद्यावर माणसांचे ओठ हलत, पाठोपाठ अक्षरं येत. आम्हाला वाचता कुठे येत होतं? आत्यांना तरी कुठे येत होतं! पुरुषांच्या बाजूला एक मुनशी ती अक्षरं मोठ्याने वाची. ते ऐकून आत्या आमच्या बोलीत सांगत. मुनशीचं एक वाक्य झालं की आत्यांची दहा व्हायची.

"हा मुडदा बघा, लई गोड बोलून राह्यला. ह्याचं काई खरं न्हाई!"

आणि खरंच, घटकाभरात तो मुडदा नायिकेला फसवायचा. आम्ही हसून लोळायचो.

तलवारींचे सिनेमे आले, राक्षसांचे आले, आणि लोक ते विसरूनही गेले. एकच सिनेमा मात्र दर उन्हाळ्यात मागवून आणावा लागे. त्याचं खरं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही, आम्ही त्याला 'दाराचा सिनेमा' म्हणायचो. नवरा परमुलखात जातो, बायको दारात बसून त्याची वाट बघते, आणि तो परत येतो तेव्हा ती उंबऱ्यावर मरून पडलेली असते. एवढीच गोष्ट. तुम्ही म्हणाल, घरी काय दुःख कमी होतं, की पैसे देऊन आणखी बघायला जायचं? अहो, पण ते ओळखीचं दुःख होतं. कुठे वळणार ते ठाऊक असायचं, म्हणून मनसोक्त रडता यायचं. घरच्या दुःखात तेवढी सोय नसते.

तो सिनेमा पहिल्यांदा आला तेव्हा मी पोटुशी होते. शेवट जवळ आला आणि मागून कोणीतरी कुजबुजलं, "आत्या, गरवार बाई बसलीय हितं. मरणाचं बोलू नका." पोटुशीच्या कानावर मरण पडू नये, असं आमच्याकडे मानतात. आत्या थबकल्या. पडद्यावर नवऱ्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"मेली न्हाई गं," आत्या म्हणाल्या. "झोपली ती. लई थकलीय. आता उठंल, अन् दोघं मिळून भाकर खातील."

सगळ्या जनान्याने सुस्कारा सोडला. मीही सोडला. दुसऱ्या दिवशी बायकांनी तोच शेवट मागितला, आणि मग दरवर्षी जालन्यातली ती बाई झोपूच लागली.

माझ्या शेजारी गोदा राहायची. तिचा नवरा कामाला म्हणून हैदराबादेकडे गेला तो गेलाच, ना निरोप ना पत्ता. गोदा कधी तो सिनेमा चुकवायची नाही. काही वर्षांनी तिचा भाऊ आष्टीहून आला. पंचांनी काडीमोड दिली होती, आणि एक बिजवर शेतकरी गोदेशी पाट लावायला तयार होता. माणूस चांगला, घरचं खाऊन-पिऊन सुखी. गोदा ऐकेना.

"न्हाई दादा. त्या सिनेमातला आला का न्हाई? बराबर आला. मंग माझाबी येईल."

बाजाराच्या दिवशी पुन्हा विचारायला येतो म्हणून बिचारा गेला. मी हसतहसत हे आत्यांना सांगितलं. आत्या हसल्या नाहीत.

"अगं, तुझ्या पोटातल्या लेकरापायी बोलले मी ते! अन् ही त्याच्यावर जिंदगी लावून बसली?"

तशाच मला हाताला धरून गोदेकडे घेऊन गेल्या. गोदा ज्वारी पाखडत होती.

"गोदे, मी खोटं बोलले. ती मेली. तो आला तवा ती मेल्ती."

गोदेचं सूप थांबलं नाही. "मला डोळे न्हाईत का, आत्या? मेलेली अन् झोपलेली मला कळत न्हाई? पण तुम्ही म्हणल्या ना, उठंल म्हणून. तेवढं मला बास हाय."

"उठत न्हाई गं पोरी. कदीच उठत न्हाई."

गोदा सूप ठेवून आत निघून गेली. बाजाराच्या दिवशी भाऊ आला तसाच परत गेला. त्या शेतकऱ्याने दुसरीकडे पाट लावला.

त्यानंतर आत्या दाराचा सिनेमा सांगायच्या, पण शेवट आला की उठून कनातीबाहेर जायच्या. बायका हाका मारायच्या, त्या तंबूत दिवे लागल्यावरच आत यायच्या. मी एकदा म्हटलं, "आत्या, तुमचा काय दोष त्यात?"

"न्हाई कसा? जीभ तर माझीच व्हती."

आणि पोट माझं होतं. माझा मुलगा धडधाकट निपजला. त्याला न्हाऊ घालताना पलीकडे गोदेचं दार उघडं दिसायचं, आणि त्याला वारा लागू नये म्हणून आपण तिचं काय करून बसलो, असं वाटून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी पाठ फिरवून बसायची.

मग बोलके सिनेमे आले. "बरं झालं बाई," आत्या म्हणाल्या, "आता ज्याचं त्यानं बोलावं." नंतर त्या नुसती तिकिटं फाडायच्या. एका हिवाळ्यात गेल्या.

पुढे लोकांनी फारच आग्रह धरला म्हणून तंबूवाल्याने दाराचा सिनेमा पुन्हा आणला. जालना लोटलं. नव्या पोरी आधी त्या मुक्या हातवाऱ्यांना फिदीफिदी हसल्या, मग हळूहळू गप्प झाल्या. माझ्या पुढे गोदा बसली होती, केस पिकलेले. शेवट आला. पडद्यावर नवऱ्याने बायकोचं डोकं मांडीवर घेतलं.

"मेली का हो ती?" गोदेशेजारच्या पोरीने रडवेल्या आवाजात विचारलं.

'झोपली' म्हणायला माझे ओठ नुसते हलले.

"मेली, पोरी," गोदा म्हणाली. "तो लई उशिरा आला. डोळे पूस आधी."

पोरीने डोळे पुसले. मान खाली घालून मीही पुसले. पुढचं सांगायला आत्या नव्हत्या.